हवालदारणीची पहाट

"त्या मांजरीच्या नरड्याला कुलूप घाल, पोरी, नाहीतर मी घालतो!"

लोहार कुंपणावरून ओरडत होता. डोळे तांबारलेले, डोक्याला मफलर गुंडाळलेला. "चार वाजायचा अवकाश, की हिचं सुरू! आमचा भाता बरा. तो निदान मी हलवल्यावर कण्हतो."

थोरलीने शेणाची पाटी खाली ठेवली. "काका, बाबांची लाडकी आहे हो ती."

"म्हणून तर महिनाभर कानात बोळे घालून निजलो. आता नाही. परवा बाजाराला जाताना पोत्यात घालतो आणि नदीपलीकडे सोडून येतो. सांगून ठेवतोय."

बाप जाऊन दीड महिना झाला होता. थोरली नोकरीवर रजा टाकून म्हशींचं बघायला आली होती. आई माणसांशी फारशी बोलत नव्हती. बोलायची ती मांजरीशी. पोत्याचं ऐकलं तेव्हा ती भिंतीकडे बघत एवढंच म्हणाली, "ती गेली की मग मी बोलू कुणाशी?"

बापाने मांजरीचं नाव हवालदारीण ठेवलं होतं. पहाटे ती अंगणात ओरडायची, एकदम उधळून गोठ्यापर्यंत धावायची, तशीच परत फिरायची आणि चाऱ्याच्या खोलीचं दार ओरबाडत पुन्हा गळा काढायची. गावात ज्याला त्याला कारण माहीत होतं. लोहारीण म्हणाली, "म्हातारा दिसतोय तिला." शिंपी म्हणाला, "जंत झालेत." आई म्हणाली, "आठवण काढते बिचारी."

थोरलीला आईचं म्हणणं पटलं होतं. खरं तर ते तिला हवं होतं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. घरात कुणीतरी मोकळेपणी रडतंय, एवढ्यावर तिला बरं वाटायचं. हवालदारीण ओरडली की ती उठायची आणि वाटीभर दूध समोर ठेवायची. मांजर दोनदा जीभ लावायची आणि पुन्हा दाराशी.

दुपारी जनावरांचा डॉक्टर म्हशीचा खूर बघायला आला. थोरलीने जाता जाता मांजरीचं विचारलं.

"ओरडली की काय करता?"

"दूध देते."

"म्हणजे ओरडायचा पगार देता! मग ती कशाला सुट्टी घेईल?" डॉक्टर हसला. "ताई, पहाट म्हणजे मांजरांची शिकारीची वेळ. उंदीर तेव्हाच फिरतात. हिचं पोट भरलंय, पण पंजे शिवशिवतात. दीड महिन्यापूर्वी त्या वेळेला इथं काय चालायचं?"

थोरलीची नजर चाऱ्याच्या खोलीकडे गेली. बाप चारला उठायचा, खोली उघडायचा, गंजीवर चढून पेंढ्या खाली टाकायचा. ती आल्यापासून मात्र सकाळची धांदल नको म्हणून संध्याकाळीच चारा काढून ठेवायची, आणि उंदीर बाहेर पडू नयेत म्हणून दाराला कडी घालायची.

"कामावरून काढलंत तिला," डॉक्टर बॅग आवरत म्हणाला. "तेही न सांगता."

म्हणजे दुःख नव्हतंच. बाईसाहेबांना नोकरी परत हवी होती. थोरलीला हसूही आलं आणि थोडा रागही.

दुसऱ्या दिवशी ती मांजरीच्या आधी उठली. अंधारात पायाला बापाच्या चपला लागल्या, त्याच सरकवल्या. कडी काढली तर मांजर पायांतून आत. थोरली गंजीवर चढली आणि पेंढ्या ओढायला लागली. तिसऱ्या पेंढीखालून उंदीर सटकला. एक झेप, एक चिरका आवाज, आणि मग सगळं शांत.

ती खाली उतरली. हवालदारणीने ऐटीत येऊन उंदीर नेमका तिच्या उजव्या चपलेवर ठेवला. उबदार शेपूट अंगठ्याला लागलं.

थोरली अशी किंचाळली की म्हशी उठून उभ्या राहिल्या.

"आता काय झालं?" कुंपणापलीकडून लोहार गरजला. "मांजर गप्प आणि तू सुरू? अरे, पोतं आणू तरी कुणाच्या मापाचं?"

आई कंदील घेऊन दारात आली. तिने उंदीर बघितला, चपला बघितल्या.

"अगं, तुझे बाबा रोज 'शाब्बास' म्हणायचे तिला. किंचाळायचे नाहीत."

मांजर हलली नव्हती. शेपूट पायांभोवती गुंडाळून, मान वर करून बसली होती, हजेरी लागायची बाकी असल्यासारखी.

"शाब्बास," थोरली पुटपुटली. मग खाकरून, बापासारखं जरा दरडावून, "शाब्बास, हवालदारीणबाई!"

मांजरीने उंदीर उचलला आणि चालती झाली. दारात आई हसत होती. कंदील हलत होता, त्याबरोबर भिंतीवरची सावलीही.

थोरली पुन्हा गंजीवर चढली आणि बराच वेळ खाली आली नाही. आईने हाक मारली तेव्हा म्हणाली, डोळ्यांत चाऱ्याची धूळ गेली.

धूळ तशी भरपूर होतीच.