उस्तादांची परीक्षा

ब्रेकशूवरची चकाकी कालच उतरवली होती, आता तो खडबडीत, कोरडा, निर्दोष... संघपालने त्यावरून अंगठा फिरवला. कडा कानशीने मोडलेल्या, ड्रम पुसलेला. सगळं जिथल्या तिथे. आणि तरी नंदिनीताई आज सकाळी स्कूटर घेऊन त्याच्या रामदासपेठेतल्या गॅरेजवर पुन्हा हजर.

"भाऊ, ब्रेक दाबला की चीं करूनच राहिली गाडी."

करत असणार, बाई उगाच कशाला खेटे घालेल? काल त्याने गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा चालवून पाहिली, काहीच ऐकू आलं नाही, आणि आवाज गेला म्हणून ठासून सांगितलं. पंचवीस वर्षं लोक ज्या कानांवर विसंबून इथे येतात, ते कान आता... छे. पण परवा बायको म्हणाली होती, दारात पाखरं किती ओरडताहेत, आणि त्याला मात्र फांद्या नुसत्या हलताना दिसल्या होत्या. आणखी काय काय वाजत असेल जगात, आपल्याला वगळून? भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटतंय, याचंच त्याला नवल वाटलं.

कन्हानला रुपराव उस्तादांकडे तो शिकला. कोळशाचा ट्रक आत येऊन थांबला की उस्ताद डोळे मिटून विचारायचे, "सांग गा, कोणत्या चाकाचा आवाज? बारीक का जाड?" तो सांगायचा. उस्ताद मान हलवायचे आणि ड्रायव्हरला तेच ऐकवायचे. चार वर्षं रोज परीक्षा, आणि एकदाही चूक निघाली नाही — काय तोऱ्यात चालायचा तो तेव्हा...

एकदाही नाही? विशीतलं पोरगं, चार वर्षं, आणि एकदाही नाही?

उस्तादांना चाकांचे ते आवाज ऐकूच येत नव्हते तर. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशीच मिटून गेले बिचारे. त्याला त्यांची दया आली, मग रागही आला, की निदान मला तरी सांगायचं होतं. आपणही मिटून घ्यावी का? बोभाटा झाला तर गिऱ्हाइकं पुढच्या चौकात जातील, हे काही खोटं नाही...

त्याने शू बसवला, चाक चढवलं, गाडी स्टँडवर घेतली.

"ताई, मले तो आवाज ऐकू येत नाही. चाक फिरत असताना ब्रेक दाबा, अन् आवाज आला की 'आता' म्हणा."

"काहून, बिलकुलच नाही?"

"बिलकुलच नाही."

नंदिनीताईंनी गाडी सुरू करून रेस दिली. ड्रमशेजारच्या न फिरणाऱ्या पत्र्यावर त्याने चार बोटं टेकवली. इंजिनाची थरथर ओळखीची, पण तिच्या पोटात दुसरं काहीतरी, फार बारीक —

"आता," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "आता."

तिसऱ्या खेपेला त्यांच्या शब्दाच्या जरासं आधीच बोटांना मुंग्या आल्या. तो पुढे सरकला. दोष कुठे आहे ते अजून कळलं नव्हतं, आणि त्याला घाईही नव्हती.

"ताई," तो म्हणाला, "आता तुम्ही सांगू नका. मी सांगतो."