न मोजलेली माणसं

"ताई, आज आत किती माणसं आली?"

"नऊ हजार आठशे साठ."

"आणि बाहेर किती गेली?"

ताई हसली. "तेवढीच जाणार ना. आत कोण मुक्काम करतंय?"

"अकरा हजार दोनशे चाळीस," तो म्हणाला आणि पडदा तिच्याकडे वळवला.

शुक्रवारची संध्याकाळ होती. तीन दिवसांच्या सुट्टीचा पहिला दिवस नुकताच संपला होता. विचारणारा माणूस पार्कच्या मागच्या इमारतीत बसून गर्दीचे अंदाज काढायचा. शाळांच्या सुट्ट्या, हवामान, आगाऊ गेलेली तिकिटं आणि हॉटेलातल्या भरलेल्या खोल्या बघून उद्या किती लोक येणार ते तो आदल्या दिवशी सांगायचा, म्हणून सगळे त्याला ज्योतिषी म्हणत. शे-दोनशेच्या वर तो सहसा चुकत नसे. ताई मुख्य गेटची प्रमुख होती. तिकिटं हाताने फाडायच्या काळापासून, बावीस वर्षं ती गेटवर उभी होती, आणि गेटच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असायचा.

जितके आत आले त्याहून तेराशे ऐंशी जास्त बाहेर गेले. ताईने आकडे दोनदा वाचले. मग घोडं कुठं पेंड खातंय ते तिच्या ध्यानात आलं.

"पूल," ती म्हणाली.

पार्कचं स्वतःचं हॉटेल रस्त्याच्या पलीकडे होतं. तिथून एका काचेच्या बंद पुलावरून पाहुणे थेट पार्कात येत. आधी पुलाच्या पार्काकडच्या तोंडाशी एक शिपाई उभा राहून प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी तपासायचा. आठवड्यापूर्वी शिपाई काढला आणि कार्डावर उघडणारं दार बसवलं. खोलीचं कार्ड लावलं की दार उघडतं, यंत्र 'एक' असं मोजतं आणि मागून अख्खं कुटुंब आत येतं. गेली तीन वर्षं हॉटेल अर्धं रिकामं असायचं, तेव्हा फरक पडला नसता. या सुट्टीत मात्र आसपासची सगळी हॉटेलं भरली होती आणि दोघांच्या खोलीत सहा-सहा जण गाद्या टाकून झोपत होते.

"तेरा हजारांची मर्यादा आपण पडद्यावर बघून पाळतो," ज्योतिषी म्हणाला. "आणि पडदाच खोटं बोलतोय. पार्कच्या साहेबांना आत्ताच सांगू या."

ताईने पडदा परत त्याच्याकडे वळवला. तिची धाकटी मुलगी त्याच हॉटेलात रिसेप्शनला होती. तीन महिन्यांच्या उमेदवारीतले दहा दिवस उरले होते. पुलाची दोन्ही टोकांची दारं रिसेप्शनच्या ताब्यात होती. काही चुकलं की खापर सगळ्यात खालच्या डोक्यावर फुटतं, हे ताईने बावीस वर्षांत पुष्कळदा बघितलं होतं.

"सोमवारी सांगू," ती म्हणाली. "ऐन सुट्टीत कोण ऐकणार आपलं? उद्या मी स्वतः लक्ष ठेवते."

"उद्या आजच्यापेक्षा जास्त आहेत, ताई."

"मी आहे ना."

त्याला ते पटलं नव्हतं. तरी त्याने संगणक बंद केला.

शनिवारी सकाळी दहापासून गेटवर मुंगी शिरायला जागा नव्हती. तिकिटावर वेळ छापलेली असायची. दर अर्ध्या तासाला अठराशे जणांना आत सोडायचं. पण साडेअकराचं तिकीट असलेले लोक साडेनऊलाच येऊन उभे होते आणि रांग वाहनतळापर्यंत गेली होती. गेटवरच्या मुलींचा तोच तोच संवाद चालला होता: "दादा, तुमची वेळ अजून झाली नाही. काका, मोबाईलचा उजेड वाढवा, कोड दिसत नाहीये." एका आजोबांनी कोडाऐवजी नातवाचा फोटो यंत्रासमोर धरला, तेव्हा रांगेतले चार लोक हसले. ताईला हसू आलं नाही. तिच्या मनातला आकडा पडद्यापेक्षा पुढे धावत होता.

पावणेअकराला पडद्यावर होते नऊ हजार सातशे. तिच्या हिशेबाने आत अकरा हजारांच्या वर माणूस होतं. तिने हॉटेलात फोन लावून धाकटीला विचारलं, "काय परिस्थिती आहे?"

"विचारू नकोस," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली. "अकरापर्यंत जुन्या लोकांनी खोल्या सोडायच्या आहेत. नव्या लोकांना दोनपर्यंत खोल्या मिळणार नाहीत. सगळे इथेच उभे आहेत, पाय ठेवायला जागा नाही. मॅनेजर म्हणतात, जुन्यांनाही पुलावरून पाठवा आणि नव्यांनाही. तात्पुरती कार्डं द्या, तोवर पार्क बघू देत."

"सामानासकट?"

"सामानासकट."

जाणारेही पुलावर आणि येणारेही पुलावर, हे कुणाच्याच हिशेबात नव्हतं. तिने वॉकीवरून गेटच्या खोलीतल्या मुलाला पुलाचा कॅमेरा लावायला सांगितलं आणि स्वतः त्या खोलीकडे धावली.

कॅमेऱ्यात पूल दिसला. ऐंशी पावलं लांबीच्या त्या पुलावर फक्त डोकी दिसत होती. ती डोकी पुढे सरकत नव्हती. काचांना आतून वाफ धरली होती. मधेच एका माणसाने लहान मुलीला डोक्यावर उचललं आणि ते हात खाली आलेच नाहीत.

"दार उघडत का नाहीये?" तिने विचारलं.

"कार्ड लागतंय, हिरवा दिवा पण लागतोय," मुलगा म्हणाला. "दार मात्र हलत नाही."

ते का हलत नाही हे तिला कळलं तेव्हा तिच्या पाचावर धारण बसली. पार्काकडचं ते नवं दार पुलाच्या आत उघडणारं होतं. आतून माणसं दाराला टेकली होती आणि मागून आणखी माणसं येत होती. जितका रेटा वाढेल तितकं दार घट्ट बसणार होतं.

तिने वॉकी तोंडाशी धरला. "सगळी गेटं लाल करा. एकही माणूस आत नको. मिस्त्रीला पुलाच्या दाराशी पाठवा, पळत."

अर्ध्या मिनिटात साहेबांचा फोन आला. "गेटं बंद कोणी केली? पडद्यावर नऊ हजार सातशे दिसतायत. तीन वर्षांनी पार्क भरतोय आणि तुम्ही दार लावून बसलात?"

"पडदा चुकीचा आहे, साहेब. पुलावर लोक अडकलेत. पुलासमोरचा चौक मोकळा ठेवला नाही तर त्यांना बाहेर काढून ठेवायलाही जागा नाही."

"मी येतोय तिकडे. तोवर गेटं उघडा."

"नाही उघडणार," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बावीस वर्षांत तिने साहेबांना कधी असं उत्तर दिलं नव्हतं.

पुलाच्या दाराकडे धावतानाच तिने पुन्हा धाकटीला फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला. मागे आरडाओरडा ऐकू येत होता.

"तुझ्या बाजूचं दार बंद कर. एकालाही पुलावर सोडू नकोस. आणि शेवटी जे असतील त्यांना मागे घे, ऐकतेस का?"

"आई, आत्ता नाही," एवढंच धाकटी म्हणाली आणि फोन कापला गेला.

मॅनेजर शेजारी उभा असणार. पोरीला नोकरी टिकवायची होती. तिला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा?

दाराच्या काचेला आतून एका वयस्क बाईचा गाल टेकला होता. बाई ओरडत नव्हती. तिचे डोळे उघडे होते आणि ती तोंडाने तुकड्या-तुकड्याने श्वास घेत होती. तिच्यामागचा माणूस दोन्ही हात काचेला लावून पाठ ताणून उभा होता, बाईवर भार येऊ नये म्हणून. त्याचे दंड थरथरत होते. ताईने काचेवर हात ठेवला आणि हळूहळू, ओठ दिसतील असं बोलली, "दार ढकलू नका. मागे निरोप द्या. मागे."

मिस्त्रीने बिजागऱ्या बघितल्या. "स्क्रू आतून आहेत. काच फोडली तर सगळे तिच्यावर पडतील. मागचा रेटा कमी झाला पाहिजे, ताई. वीतभर जागा मिळाली तरी मी पहार घालतो."

त्या माणसाने मान वळवून मागच्याला काही सांगितलं. त्याने त्याच्या मागच्याला. निरोप गर्दीत शिरून नाहीसा झाला. काहीच हललं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. वयस्क बाईचे डोळे मिटले. ताई काचेवर थोपटत म्हणत राहिली, "मावशी, माझ्याकडे बघा. इकडे बघा, मावशी." मागे साहेब येऊन उभे राहिले होते. त्यांनी काचेतून आत बघितलं आणि गेटाबद्दल एक शब्दही काढला नाही.

मग त्या माणसाचे कोपर किंचित वाकले. त्याने मागे वळून बघितलं. पुलाच्या दूरच्या टोकाकडून काहीतरी सैल होत होतं. डोकी उलट्या दिशेला वळत होती, एकेक, मग दहा-दहा.

"आता," ताई म्हणाली.

मिस्त्रीने फटीत पहार घातली आणि साहेबांनी कोट फेकून तिला हात लावला. दार वीतभर आत गेलं, मग हातभर. वयस्क बाई पहिली बाहेर आली, किंबहुना ताईच्या अंगावर कोसळली. तिच्यामागून तो माणूस आला आणि दोन पावलं चालून जमिनीवर बसला. पुढची चाळीस मिनिटं ते माणसं बाहेर काढत होते. ज्योतिषी धावत आला होता. तो प्रत्येकाला पाणी देत होता आणि सवयीने मोजतही होता. चारशे बारा माणसं दाराच्या या बाजूने निघाली.

कुणी दगावलं नाही. वयस्क बाईच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, तिघं बेशुद्ध पडले होते, एका मुलीचं मनगट दुखावलं होतं. बाहेर मुख्य गेटवर मात्र दोन हजार लोक चिडले होते. कुणीतरी फेकलेली बाटली गेटवरच्या मुलीच्या भुवईला लागली आणि तिला तीन टाके पडले.

पूल रिकामा झाल्यावर ताई त्यावरून चालत हॉटेलात गेली. हॉटेलच्या दिवाणखान्यात लोक बॅगांवर, जिन्यावर, फुलांच्या कुंड्यांच्या कडेवर बसले होते. पुलाच्या दाराला पाठ लावून धाकटी उभी होती. तिच्या गणवेशाची बाही खांद्यापासून फाटली होती आणि मॅनेजर तिच्यासमोर बोट नाचवत होता.

"फोन का कापलास?" ताईने विचारलं.

"दोन्ही हातांनी दार धरलं होतं," धाकटी म्हणाली. "फोन खाली पडला. तुझा फोन यायच्या आधीच मी दार लावलं होतं, आई. पुलावरचे लोक पुढे सरकत नव्हते, ते मला दिसत होतं. मग पुलावरच्या शेवटच्यांना दाराच्या फटीतून एकेक करून हाताला धरून आत ओढून घेतलं. इथले लोक ते दार उघडायला बघत होते. हे मॅनेजरसाहेबसुद्धा."

मॅनेजर म्हणाला, "ओळखपत्र ठेव आणि घरी जा."

धाकटीने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलं.

चौकशी आठ दिवसांनी झाली. लांब टेबलामागे तिघं बसले होते. धाकटीला त्यांनी विचारलं, दार बंद करायचा हुकूम कोणाचा होता? ती म्हणाली, "कुणाचाच नाही." ज्योतिषाने शुक्रवारचे आकडे मांडले आणि थांबला. ते आकडे ताईला दाखवले होते, हे त्याने सांगितलं नाही. त्याने ताईकडे बघितलंही नाही. ती गप्प बसली असती तर कुणाला ताकास तूर लागली नसती.

"हे मला शुक्रवारी संध्याकाळीच माहीत होतं," ताई म्हणाली. "ज्योतिषी सांगू म्हणत होते. मीच सोमवारपर्यंत थांबवलं."

"का?"

"माझी मुलगी तिथे कामाला होती. तिच्यावर येईल असं वाटलं."

बाहेर आल्यावर दोघी बसथांब्यापर्यंत चालत गेल्या. तिथे उभी राहिल्यावर धाकटी म्हणाली, "माझं नाव पुढे करू नकोस. मी तुला गप्प बस म्हटलं नव्हतं."

"नव्हतं म्हटलंस."

"त्या बाईंना काही झालं असतं तर ते माझ्यासाठी झालं असतं, असं मी जन्मभर धरून बसायचं?"

ताई म्हणाली, "चुकलं माझं." आपल्या मुलीला हे शब्द आपण आजवर कधी म्हटले होते का, ते तिला आठवेना.

महिनाभरात पुलाच्या दोन्ही टोकांना बाहेर उघडणारी दारं बसली आणि प्रत्येक माणसाच्या मनगटावर वेगळी पट्टी आली. हॉटेलच्या मॅनेजरची नोकरी गेली. ताईचं गेट काढून घेतलं आणि तिला गटांच्या आगाऊ नोंदणीच्या टेबलावर बसवलं. तिने कुरकुर केली नाही. हॉटेलने धाकटीला पत्र पाठवून परत बोलावलं. ते पत्र चार दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होतं. ताई त्याच्याभोवतीने ताटं मांडत होती आणि एका शब्दाने विचारत नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी धाकटी गणवेशाला इस्त्री करताना दिसली.

"जातेस?" ताईने विचारलं.

"पुलावरचं काम मागितलंय. माणसं मोजायचं. रिसेप्शन नको." तिने इस्त्री उभी ठेवली. "आणि काही चुकीचं दिसलं तर मी त्याच दिवशी सांगणार, आधीच सांगून ठेवते. मग ते तुझ्यावर येऊ दे नाहीतर माझ्यावर."

"सांग," ताई म्हणाली आणि तिच्यासाठी डबा भरायला घेतला.