डेन्झिलच्या शेवटच्या पन्नास गोळ्या

मी एक जुना लोखंडी साचा आहे. तुमच्या घरी मोदकांचा असतो तसाच दोन फाळक्यांचा, फक्त माझ्यातून मोदक निघत नाहीत. माझ्या पोटात चार पोकळ्या आहेत, डोक्यावर एक सरकती पट्टी आहे आणि मागे दोन लाकडी मुठी. वितळलेलं शिसं वरून ओतायचं. ते गोठलं की पट्टीला दांडक्याने टक् करून एक ठोका द्यायचा, म्हणजे वरचं जास्तीचं शिसं तुटून पडतं. मग मुठी फाकवल्या की जुन्या टॉवेलवर चार गोळ्या पडतात. पिस्तुलाच्या गोळ्या. मित्रांनो, तुम्ही दचकला असाल तर मला राग नाही. पण पुढचं ऐका. माझ्यासमोर एक चूक झाली होती, आणि ती पाहणारा मी एकटाच होतो.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात डेन्झिल हेड्रिक नावाचा माणूस चुनखडीच्या खाणीवर कामाला होता. लग्नाच्या वर्षी त्याने मला टपालाने मागवून घेतलं. माझ्यावरचं तेल पुसून त्याने माझ्या पोकळ्यांना काडीच्या धुराची काजळी धरली, बाळाला काजळ घालावं इतक्या हलक्या हाताने. पहिल्या दिवशी मी गार होतो, म्हणून गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. तो चिडला नाही. "तापशील हळूहळू, घाई कुणाला आहे?" असं म्हणून त्याने त्या परत कढईत टाकल्या. त्याच दिवशी हा माणूस मला आवडला.

शिसं यायचं गाडीच्या चाकांना लावतात त्या छोट्या वजनांचं. टायरवाल्याकडून तो ती बादलीने आणायचा, निवडायचा, वितळवायचा. पाण्याचा एक थेंब कढईत पडला तर सगळं शिसं उसळून तोंडावर येतं, म्हणून पावसात भिजून आलेल्या माणसाला त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मज्जाव होता. त्याच्या वडिलांचं लष्करातलं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल होतं. एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढवणारं, आणि भारी चोखंदळ. काडतूस केसभर वाकडं असलं तरी अडून बसायचं. माझ्या गोळ्यांवर ते कधी अडलं नाही. डेन्झिल सगळ्यांना सांगायचा, "पिस्तूल बाबांचं, पण नाव राखलं या साच्याने." मीही फुशारून जायचो.

घरामागे वाळूचा उंच बांध होता. तो तिथे नेम धरायचा आणि दर वसंतात फावडं घेऊन तोच बांध खणायचा. चाळणीत चपट्या झालेल्या गोळ्या उरत, त्या पुन्हा कढईत जात आणि पुन्हा माझ्या पोटात येत. मित्रांनो, मी ते शिसं ओळखायचो. काही शिसं माझ्याकडे दहा-अकरा वेळा आलं असेल. दर वेळी ते थोडं उशिरा गोठायचं, जणू त्याला काही सांगायचं राहिलं आहे. डेन्झिलला हे कळत नव्हतं. मला कळायचं आणि भीती वाटायची.

गोळी ओतणं सोपं, काडतूस भरणं जोखमीचं. पन्नास पितळी पुंगळ्या लाकडी पाटावर उभ्या करायच्या, प्रत्येकीत मोजून बंदुकीची दारू घालायची आणि वरून गोळी बसवायची. एखाद्या पुंगळीत दोनदा दारू पडली तर पिस्तूल हातातच फुटतं. बोटं जातात, डोळा जातो, जीवही जातो. म्हणून दारू घालताना डेन्झिल शेडच्या कडीला लाल फडकं बांधायचा. फडकं दिसलं की कुणी आत यायचं नाही, हाक मारायची नाही. आणि चुकून कुणी बोललंच, तर तो पन्नासच्या पन्नास पुंगळ्या उलट्या करून पहिल्यापासून सुरुवात करायचा. हे व्रत त्याने शेचाळीस वर्षं पाळलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी फडकं बांधलेलं असताना दार उघडलं. त्याची बायको ओपल आत आली, हाताला पीठ तसंच.

"ड्रीमाचा फोन होता," ती म्हणाली. ड्रीमा त्यांची मुलगी. "ईस्टरलाही येत नाहीये म्हणे. तू तिला काय बोललास?"

"ओपल, लाल फडकं दिसलं नाही?"

"दिसलं ना. शेचाळीस वर्षं तेच बघतेय. लग्न माझ्याशी केलंस की फडक्याशी?"

"फडकं निदान गप्प बसतं!"

"मग त्याच्याकडूनच रात्रीचं जेवण करून घे," असं म्हणून ती दार आपटून गेली.

डेन्झिल बराच वेळ दाराकडे बघत राहिला. मग त्याने पाटाकडे हात नेला. आता पाट उलटा करेल, मला वाटलं. त्याने केला नाही. रागात त्याने दारूचं माप पुन्हा भरलं आणि ते आधीच भरलेल्या एका पुंगळीत रिकामं झालं. मी ते पाहिलं. मी हाताच्या अंतरावर होतो. ओरडावं म्हणून माझं सगळं लोखंड ताणलं गेलं, पण लोखंड कधी ओरडतं का? त्याने वर माझीच गोळी बसवली आणि पुढे गेला. पन्नास पूर्ण झाल्यावर काडतुसं खोक्यात ठेवून त्याने दिवा मालवला.

चौथ्या दिवशी ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या डेन्झिल गेला. दोघांमध्ये धड बोलणं झालंच नव्हतं.

शेड बंद झाली. कढई गार पडली. माझ्यावर गंज चढू लागला, आणि मला वाटलं, आता आपलं आयुष्य संपलं. पण मार्चमध्ये एका दुपारी माझ्या मुठी कोमट झाल्या. शेडमध्ये कुणी नव्हतं, खिडकीला बर्फ चिकटला होता, आणि मुठी कोमट होत्या, नुकत्याच कुणी सोडल्यासारख्या. मग आवाज आला. टक्. खिळ्याला टांगलेलं दांडकं किंचित हलत होतं.

मी घाबरलो. लोखंडाला काय घाबरायचं, असं तुम्ही म्हणाल. एकदा माझ्या जागी येऊन बघा.

त्यानंतर रोज चार वाजता, डेन्झिलच्या कामाच्या वेळेला, एकच ठोका पडायचा. ओपलला तो स्वयंपाकघरात ऐकू जायचा. पहिल्या दिवशी ती धावत आली आणि दारातच थांबली. दुसऱ्या दिवशी तिने दीर क्रीडला बोलावलं. क्रीड डेन्झिलचा धाकटा भाऊ. तोही स्वतः गोळ्या ओतायचा, त्यामुळे तो आवाज त्याने लगेच ओळखला. त्याचा चेहरा उतरला, पण म्हणाला, "पत्रा आकसतो थंडीने. दुसरं काही नाही."

"रोज चारला आकसतो?"

"घड्याळ लावून आकसतो. तुझ्या घरातला पत्रा आहे, शिस्तीचा असणारच."

ओपल हसली नाही.

मेअखेरीस डोंगरावरच्या कबरी साफ करून फुलं वाहण्याचा दिवस असतो. त्या दिवशी सगळं गोत कबरस्तानात जमतं आणि गवतावर पंगत बसते. ओपलने ठरवलं की कबरीवरून आल्यावर मागच्या बांधाशी डेन्झिलच्याच पिस्तुलातून, त्याने भरलेल्या शेवटच्या खोक्यातली सात काडतुसं, पिस्तुलात मावतात तेवढी, उडवायची. क्रीडने हे ऐकलं आणि तो आडवाच आला.

"ओपल, दुसऱ्याने भरलेलं काडतूस झाडायचं नाही. इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी सख्ख्या भावाचंही झाडत नाही आणि तोही माझं झाडायचा नाही."

"मी दुसरी आहे का? मी त्याची बायको आहे."

"पिस्तुलाला ते कळत नाही."

"त्याच्या हातून शेचाळीस वर्षांत एक काडतूस चुकलं नाही," ओपल तडकून म्हणाली. "मेल्यावर त्याचा हात चुकला म्हणतोस? लाज वाटत नाही तुला?"

क्रीडने विषय सोडला. मला मात्र खरं माहीत होतं. तिला त्या दुपारचं भांडण आठवत होतं. म्हणूनच ती इतकी चिडली होती. ती काडतुसं चांगली निघाली तरच तिचं बोलणं निरुपद्रवी ठरणार होतं, आणि हे सिद्ध करायला तिने स्वतःचा हात पणाला लावला होता.

तो दिवस आला. कबरीवर फुलं वाहून लोक आपापल्या घरी गेले. चारचा ठोका ऐकून बांधाकडे निघावं म्हणून ओपल पर्स घेऊन शेडमध्ये आली, मागोमाग क्रीड. चार वाजले. टक्. आणि आज तेवढ्यावर थांबलं नाही. टक्. टक्. खिळ्यावरचं दांडकं दोघांच्या डोळ्यांदेखत हेलकावे खात होतं.

ओपल पर्स बाजूला ठेवून स्टुलावर बसली. "मी आत आले होते," ती म्हणाली. "फडकं होतं तरी आले. वाटेल ते बोलले. त्याने पाट उलटा केला की नाही, मला माहीत नाही. क्रीड, मी विचारलंच नाही त्याला. चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही आणि तो मेला!"

क्रीडने तिला एका शब्दाने दुखावलं नाही. काडतुसं उघडायचं हातोडीसारखं पोकळ अवजार त्याने काढलं. खोक्यातलं एकेक काडतूस त्यात अडकवून तो ठोकळ्यावर आपटायचा, गोळी सुटायची आणि दारू तराजूच्या ताटलीत पडायची. तासभर हे चाललं. प्रत्येक वेळी काटा एकाच जागी थांबत होता. शेवटची दारू मोजून क्रीडने घाम पुसला.

"सगळी बरोबर. एकही चूक नाही, ओपल. त्याने पाट उलटा केला असणार."

ओपलचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "मी म्हटलं नव्हतं? त्याचा हात चुकायचा नाही!" तिने पर्स उचलली आणि बांधाकडे निघाली. ती उंबऱ्याबाहेर पाय टाकणार इतक्यात खिळा उपटून दांडकं माझ्या पट्टीवर आदळलं. शेड घुमली.

ओपल उंबऱ्यावरच थांबली. क्रीडने टॉवेलवरच्या गोळ्यांकडे पाहिलं आणि बोट फिरवत मोजू लागला.

"त्रेचाळीस," तो म्हणाला. "पाटावर पन्नास मावतात. ओपल, बाकीची सात कुठे आहेत?"

ओपलचा हात पर्सवर होता. "पिस्तुलात. सकाळीच भरून ठेवली. ही सगळी बरोबर निघाली, म्हणून मला वाटलं..."

"पर्स खाली ठेव. हळूच."

क्रीडने पिस्तूल रिकामं केलं आणि ती सात उघडायला बसला. पहिली चार ठीक निघाली. पाचव्यातून दारू पडू लागली आणि पडतच राहिली. ताटलीत ढीग झाला, काटा पार टोकाला गेला.

 मग ओपलने बोटाने तो ढीग हळूच चाचपला.

"मी बोलले म्हणून."

"पाट उलटा करायला हवा होता त्याने," क्रीड म्हणाला. "राग त्याचा होता."

"आणि तोंड माझं होतं." ती रडू लागली. दफनाच्या दिवशीही ती रडली नव्हती. क्रीड उठून गेला नाही, तिच्याजवळ बसून राहिला. तिने मग त्याला ते भांडण शब्दन् शब्द सांगितलं, फडक्याशी लग्न केलंस का ते वाक्यसुद्धा, आणि ते सांगताना मध्येच तिला हसू फुटलं. संध्याकाळी शेडमधूनच तिने ड्रीमाला फोन लावला आणि तिलाही सगळं सांगितलं.

दांडकं कुणी पाडलं, हे मला विचारू नका. मी साचा आहे, जे माझ्यात ओतलं जातं तेवढंच मला कळतं. एवढं मात्र खरं की तीन महिने मुठी तापवून, ठोके देऊन जे सांगायचा प्रयत्न कुणीतरी करत होतं, ते, क्रीड आला त्याच दिवशी ओपलने त्याला भांडणाचं सांगितलं असतं, तर दोन वाक्यांत संपलं असतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. जोखमीचं काम करणाऱ्याचं चित्त मोडू नका. आणि मोडलंत, तर लाजून लपवू नका. त्याच वेळी मागे फिरा आणि सांगा, की मी मध्ये बोललो, पुन्हा एकदा बघ. समोरचा चिडेल, चिडू दे. मित्रांनो, ती दारू पुंगळीत पडताना मी हातभर अंतरावर होतो आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.