क्विंटर कुणाच्या घरची

दर शनिवारी दुपारी चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत बेरिल वस्तीतल्या मुली जमवायची. शाळेत जाणाऱ्या, शाळा सुटलेल्या, एखादी कडेवर मूल घेतलेलीसुद्धा. पाळीपासून निरोधापर्यंत सगळं ती त्यांच्याशी बोलायची. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज एक गोळी घेता येते, हे तर इतक्यांदा सांगून झालं होतं की आता बोलताना तिला स्वतःचाच आवाज कंटाळवाणा वाटे. या मुली मिळाव्यात म्हणून ती दारोदार फिरली होती. "घरात वयात आलेली मुलगी आहे का?" सगळ्या दारांत विचारलं, फक्त स्वतःच्या दारात नाही. विचारलं असतं तर बेरिलच्याच लेकीला, नेमाला, पाठीशी बांधून क्विंटर बाहेर आली असती.

क्विंटर बेरिलच्या नवऱ्याच्या चुलतभावाची मुलगी. बाप वारलेला, आई सरोवराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर मासळी विकणारी. नवरा ओलूच मोम्बासाला पहारेकरी म्हणून गेला आणि बेरिलला संस्थेचं हे काम मिळालं, तेव्हा तान्ह्या नेमाला सांभाळायला म्हणून क्विंटरला आणली. गावात विचारलं तर लोक म्हणत, ती शहरात असते. शहरात बेरिलच म्हणे, ती गावची आहे.

एका सकाळी शेजारची रोझची आई कढईत मंदाझीचे गोड वडे सोडता सोडता म्हणाली, "काय गं नेमाच्या आई, जगाच्या पोरींना शहाणपण वाटत फिरतेस. घरची पोर कुणाच्या मोटारसायकलवर बसते, ते बघितलंस का?"

"कुणाच्या?"

"ओकेलोच्या. लाल हेल्मेट असतं ना, डोक्यावर कधी नसतं, आरशाला टांगलेलं असतं, तो. बायको आहे बरं का त्याला. म्हटलं, तुला ठाऊक असेल. तू शिकलेली."

बेरिल घरी आली. क्विंटर अंगणात लंगोट पिळत होती.

"ओकेलो कोण गं?"

क्विंटरने मान वर केली नाही. "पाण्याचे कॅन वर आणून देतो, काकू."

"किती घेतो?"

"पैसे नाही घेत."

बेरिल पायरीवर बसली. नळ खाली, सरोवराच्या बाजूला, आणि घर चढणीच्या माथ्यावर. पूर्वी पाणी यायला अर्धी सकाळ जायची. हल्ली लवकर येत होतं. तिच्या लक्षात आलं होतं. बरं झालं, पोरगी तरबेज झाली, असं वाटून ती नेमाला दूध पाजत बसली होती.

"निरोध वापरतो?"

"कधी वापरतो. कधी नाही."

"मग तू सांगत नाहीस त्याला?"

क्विंटरने लंगोट झटकला. "काकू, वीस लिटर घेऊन अर्ध्या चढणीवर उभी असताना काय सांगायचं माणसाला?"

बेरिलकडे शनिवारची सगळी वाक्यं तयार होती. त्यातलं एकही इथे चालेना.

"शनिवारी तूही येत जा."

"आणि नेमा?"

बैठक घेणाऱ्या बाईने स्वतःचं मूल आणायचं नाही, असा संस्थेचा नियम होता.

त्या रात्री तिने झोपलेल्या नेमाच्या गालावरचा ओरखडा दोनदा पाहिला. क्विंटरचं नख लागलं होतं. ओरखड्याने एचआयव्ही पसरत नाही, हे ती स्वतः लोकांना शिकवायची. तरी पाहिला. मग स्वतःचाच राग येऊन कूस बदलली.

गोळी सुरू करायची तर आधी तपासणी हवी, आणि क्विंटर अठराची नव्हती, म्हणून आईची संमती हवी. दवाखान्यातली नर्स ओळखीची. 'मीच पालक' म्हटलं असतं तर तिने दुसरा प्रश्न विचारला नसता. पण गुपचूप केलं आणि पुढे कळलं, तर वस्तीतली एकही आई पुन्हा तिला उंबरा ओलांडू देणार नव्हती. सांगावं, तर क्विंटरची आई, बेरिलची जाऊ, मुलीला ओढत घेऊन जाणार. मग नेमाला कोण सांभाळणार? हे काम गेलं तर घरभाडं कुठून? आणि क्विंटर परत त्याच किनाऱ्यावर, जिथे होडी लागली की मासळी कुणाला द्यायची ते होडीवाला बाईकडे बघून ठरवतो. दोन दिवस बेरिलने या सगळ्याचं ओझं डोक्यात वाहिलं. तिसऱ्या दिवशी जाऊला फोन केला.

जाऊ सकाळच्या मटाटू गाडीने आली. टोपलीत ओमेनाची सुकी मासळी, अंगाला मासळीचा वास, डोळे झोप नसल्याने लाल. चहा पुढे ठेवला तो तिने शिवला नाही.

"मी हिला तुझ्याकडे का धाडली, बेरिल?"

"जाऊबाई, मी..."

"होडीवाल्यांनी मला जे शिकवलं, ते हिला शिकवू नये म्हणून धाडली. म्हटलं, शिकलेल्या बाईच्या घरात राहील, दार बंद करून झोपेल. आणि तू मला फोनवर सांगतेस, हिला त्या आजाराची गोळी द्यायची!"

"आजाराची नाही. आजार होऊ नये म्हणून."

"तेच ते. गरज पडली ना?" ती उठली. "कपडे भर गं तुझे."

दारात उभी असलेली क्विंटर म्हणाली, "चल. इथे पाणी आणायचं, तिथे मासळी आणायची. माणसं सगळीकडे सारखीच."

"तोंड बघा हिचं!"

"तुझंच आहे."

आई थबकली. हसू आलं असावं, पण ते ओठांपर्यंत पोहोचायच्या आत थकून बसलं. तीही खाली बसली.

बेरिल म्हणाली, "न्यायचं तर न्या, मी अडवणार नाही. पण आधी दवाखान्यात जाऊ. मग तिथूनच न्या."

नर्सने आईची संमती घेतली आणि दोघींना बाहेर काढलं. "आता मी आणि ही. काय निघालं ते हिलाच सांगणार. हिला वाटलं तर ही तुम्हाला सांगेल."

"मी तिची आई आहे."

"म्हणून तर बाहेर बसा म्हणते, मावशी."

बाकावर ऊन येत होतं. बेरिलच्या पाठीवर नेमा घामाने चिकटली होती. जाऊ भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. झोपली असं वाटत असतानाच म्हणाली, "पाणी कोण आणणार आता?"

"मी."

"कामावर जाशील की पाणी आणशील?"

"सकाळी लवकर आणीन."

"आणि तुझ्या त्या बैठका? जगाच्या पोरींना बोलावतेस, हिला का नाही?"

"शनिवारी ही नेमाला सांभाळते."

"एकच वार असतो का?"

"खालच्या गल्लीत दुसरी बाई मंगळवारी घेते. मंगळवारी मी घरीच असते."

जाऊने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "मग?"

बेरिलने क्विंटरला आणून वर्ष होत आलं होतं. "सुचलंच नाही, जाऊबाई," ती म्हणाली. खरंच सुचलं नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

दार उघडलं. क्विंटर कागदी पिशवी घेऊन बाहेर आली. दोघीही उभ्या राहिल्या. कुणीच विचारलं नाही.

"काही निघालं नाही मला," क्विंटर आईला म्हणाली. "आत्ता तरी नाही. पुन्हा महिन्याने बोलावलंय. गोळ्या दिल्यात. डबीत कापूस भरून दिला, वाजू नये म्हणून."

आई पुन्हा बाकावर बसली. खांद्यावरच्या कापडाने तोंड पुसलं. मग विचारलं, "या गोळ्या आपल्या किनाऱ्यावर मिळतात?"

"दवाखान्याची गाडी येते तेव्हा," बेरिल म्हणाली. "रस्ता वाहून गेला की येत नाही."

"म्हणजे धड मिळत नाहीत." ती उठली, टोपली काखेत मारली. "इथेच राहा मग. आणि त्या लाल हेल्मेटवाल्याला सांग, माझी आई सुरीने मासे चिरते."

"आई!"

"सांग म्हणते ना."

मटाटूच्या थांब्यावर ती बेरिलकडे वळली. "हिला तुझ्याकडे ठेवतेय म्हणून विश्वास ठेवला असं समजू नकोस. दुसरी जागा नाही माझ्याकडे."

"कळलं, जाऊबाई."

"मंगळवारी मी फोन करीन. हिला. तुला नाही."

गाडी धूळ उडवत गेली. पोरगी राहिली म्हणून बेरिलला सुटल्यासारखं वाटत होतं, पण ते कुणासाठी, हे धुंडाळायचं त्राण तिच्यात नव्हतं. क्विंटरने मागून नेमाला बांधलेल्या कापडाची गाठ सोडायला घेतली.

"द्या तिला, काकू. मान लटकतेय."

"राहू दे," बेरिल म्हणाली. "घरापर्यंत मी घेते. तू नुसती चाल."