हात मांडीखाली

“बाबा, हात!”

इंग्रजी बोलण्याचा सराव घेता घेता लेक चौथ्यांदा ओरडली, तसे त्याने दोन्ही हात मुकाट्याने मांड्यांखाली दाबले. बावीस वर्षं जहाजांच्या कारखान्यात क्रेनला इशारे देण्यात गेली होती. तिथल्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात बोलत बसणारा माणूस वेडाच म्हणायचा. बोट फिरवलं की उचल, मूठ आवळली की थांब. चाळीस टनांचं धूड त्याच्या बोटांवर नाचायचं, आणि परदेशातली नोकरी मात्र इंग्रजीच्या अर्ध्या गुणापायी अडली होती.

“तोंडीला सहा हवेत. दोनदा साडेपाच आलेत. पुढच्या महिन्यात तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे होता; मग व्हिसासाठीचे वयाचे गुण कापतील, की अर्ज बाद.”

“क्रेनला कुठं गं इंग्रजी कळतं?”

“बाबा!”

परीक्षेला तो सकाळची पाळी उरकूनच गेला. पाय भरून आले होते. समोर परीक्षक बाई, टेबलावर रेकॉर्डर. पाठ केलेलं सगळं त्याने भडाभडा ओकून टाकलं. मग बाईंनी कामावरचा एखादा कठीण दिवस सांगायला सांगितलं.

तसा दिवस एकच होता. भाराला बांधलेला पट्टा सरकला होता आणि भाराखाली दोन माणसं होती. “दॅट डे... टू मेन...” म्हणता म्हणता त्याचे शब्द आटले, आणि मांड्यांखालचे हात कधी सुटले ते कळलंच नाही. मूठ आवळली. मग तळवा हळूहळू डावीकडे, अजून जरा, आता खाली... टेकलं. बाई श्वास रोखून बघत होत्या.

“माणसं वाचली?” त्यांनी हळूच विचारलं.

“येस,” तो म्हणाला.

“या खेपेला जमलं गं,” घरी येऊन त्याने लेकीला सगळं करून दाखवलं. “बाईंना अगदी सगळं कळलं.”

लेकीचा चेहरा उतरला. “बाबा, गुण देणारे वेगळे असतात. ते नुसतं रेकॉर्डिंग ऐकतात.”

आठवड्याने निकाल लागला. साडेपाच. लेकीचे डोळे भरलेले पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी क्रेनच्या केबिनमधून त्याच्या जुन्या दोस्ताने तळहात उलटे करून विचारलं, काय झालं?

त्याने वर पाहिलं आणि मूठ आवळली.

दोस्ताने भार जागच्या जागी थांबवला. पुन्हा काही विचारलं नाही. खालून पुढचा इशारा येईपर्यंत तो तसाच वाट पाहत राहिला.