मानाचा निरोप

देविदासरावांना वाटलं, खांद्यावर शाल टाकली की भानगड मिटली. वा रे वा!

भानगड म्हणजे 'काहून'. सेनगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या नजमुन्निसा मॅडम आणि गणिताचे विजयकुमार सर, या दोघा प्राध्यापकांनी काढलेली नाचाची कंपनी. ना घुंगरू, ना गाणं. जीपला लोंबकळणारी माणसं, कापूस वेचणारे हात, यांतूनच नाच उभा करायचा. जो तो विचारायचा, "काहून नाचता हो?" मग मॅडमनी लोकांचा तो 'का?'च, 'काहून', नाव म्हणून ठेवला. घ्या! जवळच्या गोरेगावच्या बाजारात पहिला खेळ झाला तेव्हा लोक गाणं कधी लागतंय याची वाट बघत बसले, पण उठलं कोणी न्हाई. पुढं मॅडमच्या घरच्यांनी बोलणं टाकलं, कॉलेजात फळ्यावर त्यांची टवाळीची चित्रं निघाली. तरी त्यांनी एक सराव चुकवला नाही.

आणि आज, कंपनीच्याच वर्धापनदिनाला, कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष देविदासराव माइकवर सांगून राहिले होते, "प्राध्यापकांनी नाचणं शोभत नाही. कंपनीचं कार्य पूर्ण झालं. आज तिला मानाचा निरोप!" आधी कोणाला एका शब्दानं विचारलं नव्हतं. म्हणजे शाल घेतली की कंपनी बंद झाल्याचं कबूल. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाईचा सत्कार बाईच्या हातून व्हावा, म्हणून अध्यक्षांच्या पत्नी चतुराबाई शाल उलगडून पुढं आल्या. मॅडम एक पाऊल बाजूला सरकल्या. चतुराबाई तिकडं वळल्या. मॅडम गिरकी घेऊन इकडं! सभेत खसखस पिकली. विजयकुमार सर खुर्चीवरून उठले आणि मॅडमच्या मागं त्याच चालीनं सरकू लागले. खालून कंपनीची पोरंपोरीही स्टेजवर चढली.

"मॅडम, उभ्या राहा ना एका जागी!" अध्यक्ष ओरडले.

"न्हाई राहणार, साहेब," मॅडम नाचता नाचताच म्हणाल्या. "तुमी खुशाल निरोप द्या, आमी घेत न्हाई. नोकरी काढून घ्यायची तर घ्या."

बोलल्या खऱ्या, पण नोकरी गेली तर घर चालायचं नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. भीती वाटत होती, आणि तरीही पाय थांबवायचे नव्हते.

"अगं, घाल ना ती शाल! बघत काय राहिलीस?" देविदासराव आता बायकोवर घसरले.

चतुराबाई थबकल्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. शाल त्याच्याच हातात कोंबली, पदर कमरेला खोचला आणि मॅडमच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"आता कोणीकडं सरकायचं, मॅडम?"