ट्रॅम्पोलिनवरच्या कुरडया

शुक्रवारी दुपारी चारपर्यंत कंपनीला बदलीबद्दल हो की नाही ते कळवायचं होतं. आमची कंपनी हृदयात बसवायच्या नळ्या बनवते. नवा कारखाना अमेरिकेतल्या वाळवंटात, एका रिसॉर्ट शहराजवळ उभा राहत होता. "वर्षाला तीनशे तीस दिवस ऊन, देवदत्त," असं साहेब व्हिडिओवर म्हणाला तेव्हा इथे आयर्लंडातल्या नावनमध्ये जुलै होता आणि मी कॅमेऱ्यासमोर जॅकेट घालून बसलो होतो.

घरात आनंदाचा भूकंप झाला. बायकोने, विभावरीने, दोन दिवसांत त्या शहरातल्या वस्त्या पाठ केल्या. गोल्फवाली, टेकडीवाली, तळ्याकाठची. तळं माणसांनी केलेलं होतं, पण किनारा खरा होता. आमची रेवा आयरिश हेलात ओरडली, "डॅड, एव्हरी हाऊस हॅज अ पूल! दॅट्स क्लास!"

सगळ्यात जास्त हर्ष आईला झाला. २०२०च्या फेब्रुवारीत ती अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आली आणि विमानंच बंद झाली. सतरा महिने आणि वाळवणाविना दोन उन्हाळे. सोबत आणलेल्या कुरडयांतली शेवटची पाडव्याला तळून झाली, त्या दिवशी घरात सुतकच होतं. या आठवड्यात उन्हाचा अंदाज पाहून तिने सोमवारी गहू भिजत घातले होते.

"आयर्लंडच्या अंदाजावर, आई?" विभावरी हसली.

"हसून घे. हे नाही वाळलं तर पुढचं तिकडे वाळवीन. कायचा अंदाज, कायचं काय!"

गुरुवारी संध्याकाळी चेल्सी नावाची घरांची एजंट मोबाईल हातात धरून व्हिडिओ कॉलवर आम्हाला घर दाखवायला निघाली. तिथे सकाळचे दहा आणि बेचाळीस डिग्री. फाटक, पहारेकरी, गवताच्या जागी गुलाबी खडी, खडीत आखून लावलेले निवडुंग, तीन गाड्यांचं गॅरेज. रस्त्यावर माणूस नव्हता. जून ते सप्टेंबर लोक घरातच बसतात म्हणे. म्हणजे आपल्या इथल्या नोव्हेंबरसारखंच, फक्त उजेड जास्त.

स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे आयरिश बोलीत कपाटात, सहा कुकर मावले असते. विभावरीने माझा दंड घट्ट धरला. "अहो, मेल आत्ताच करा!"

आई पुढे सरकली. "तिले इचार, वाळवण कुठं घालायचं?"

मी विचारलं. चेल्सी गोड हसली. वस्तीच्या रहिवासी संघाचा नियम होता की बाहेरून दिसेल असं काहीही वाळत घालायचं नाही. कपडे नाही, टॉवेल नाही, खाण्याचं तर नाहीच. पडद्यांच्या रंगालाही संघाची परवानगी लागायची.

"पाह्य बाप्पा," आई म्हणाली, "एवढं ऊन, अन् ते काय फक्त पाहाले?"

विभावरीने दंड सोडला. "कमिटी?" ती हळूच म्हणाली. "कोथरूडच्या सोसायटीच्या कमिटीपासून सुटायला आपण इथवर आलो ना हो?"

शुक्रवार उजाडला तो अठ्ठावीस डिग्री घेऊन. नावनमध्ये याला उष्णतेची लाट म्हणतात. अख्खी वस्ती अर्ध्या चड्डीत बाहेर पडली. आईने पहाटेच चीक शिजवला, सोऱ्या काढला आणि बागेत जागा शोधत रेवाच्या उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिनपाशी थांबली. काळं, ताणलेलं, उन्हाने तापलेलं, चारी बाजूंनी जाळी.

"कावळ्यायची सोय यायनं आधीच करून ठेवली न!"

त्यावर धुतलेलं जुनं लुगडं अंथरलं. आई जाळीच्या आत बसून कुरडया पाडू लागली, विभावरी बाहेरून चिकाची पातेली देऊ लागली. रेवा हवा भरून फुगवलेल्या टबात बसून स्वतःचा पूल झाल्याचं जाहीर करत होती.

कुंपणापलीकडून शेजारीण बर्नी चादरी वाळत घालताना वाकली. गोल गोल वेटोळ्यांकडे तिने नीट पाहिलं, मग आभाळाकडे. "ग्रेट ड्राइंग टुडे!"

मी आईला अर्थ सांगितला: आज वाळवायला झकास दिवस आहे.

आई थबकली. सतरा महिन्यांत या देशातलं कोणी तिच्याशी कामाचं बोललं नव्हतं. "तिले सांग, चार वाजता उलटव म्हणा चादरी. अन् तळल्यावर डबा पाठवते."

पावणेचारला मी विभावरीकडे पाहिलं. "मेल?"

"नाही म्हणून कळवा. आणि लवकर या, उलटायला हात कमी आहेत."

मी नकार कळवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: हवामान.

दोन मिनिटांत साहेबाचा मेल आला. त्यात फक्त एक प्रश्नचिन्ह होतं. उत्तर द्यायला वेळ नव्हता. चार वाजले होते.